चौथी मिती, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीला काटकोनात असलेली आणखी एक दिशा, डोळ्यासमोर आणता येते का? सदिश आणि त्रिज्या या दोघांचा वाद.

सदिश: येते, पण त्यासाठी छेद घ्यायची, म्हणजे वस्तू कापून कापाचा आकार बघायची, सवय हवी. आधी बटाट्याचा घन कापा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे, कर्णाला काटकोनात. आधी त्रिकोण, बरोबर मध्यावर नियमित षटकोन, मग पुन्हा त्रिकोण. आता १० सेंमी कडेचा चतुर्मितीय घन घ्या: १६ शिरोबिंदू, ३२ कडा, २४ चौरस, ८ घन, कर्ण २० सेंमी. तो कोपऱ्याकडून आपल्या अवकाशातून सरकला, तर ५ सेंमी सरकल्यावर १४.१ सेंमी कडेचा चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांचा आकार) दिसेल. ७.५ वर त्याचेच कोपरे छाटलेले, सगळ्या कडा ७.१ च्या. १० वर अष्टफलक (आठ त्रिकोणी पृष्ठांचा), कडा पुन्हा १४.१. पुढे उलटा क्रम, फक्त चतुष्फलक उलटा झालेला. पुठ्ठ्याची पाच मॉडेलं करून ओळीने मांडा. गणितज्ञ अ‍ॅलिशिया बूल स्टॉट यांनी विद्यापीठात न शिकता अशाच छेदांवर काम केलं आणि १९१४ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

त्रिज्या: अजिबात पटलं नाही. पाच छेद ओळीने पाहिले म्हणजे चौथ्या मितीच्या जागी तुम्ही काळ बसवलात. वस्तू फिरवा, की अडचण कळेल. आपल्याकडे फिरताना एक अक्ष स्थिर राहतो, तिथे अख्खं प्रतल (सपाट पातळी) स्थिर राहतं, आणि फिरण्याची प्रतलं सहा. स्क्रीनवर तोच चतुर्मितीय घन मोठ्या घनात लहान घन असा दिसतो, आणि फिरताना आतला लहान घन फुगून बाहेर येतो. प्रत्यक्षात आठही घन सारखे, काहीच फुगत नाही, तो यथार्थदर्शनाचा, म्हणजे लांबचं लहान दाखवण्याचा, दोष. शिवाय हे बघा: प्रत्येक बाजू ४ लांबीची असलेल्या पेटीत प्रत्येक कोपऱ्यात १ त्रिज्येचा गोल, आणि मधल्या पोकळीत सगळ्यांना टेकणारा एक. त्याची त्रिज्या √न − १, न म्हणजे मितींची संख्या. तीन मितींत ०.७३, चारमध्ये १, नऊमध्ये २, म्हणजे भिंतींना टेकला. दहामध्ये २.१६, पेटीच्या बाहेर! कुठल्या छेदात हे दिसलं असतं?

सदिश: दिसतं की! दहा मितींत कर्ण आणि एक अक्ष यांतून जाणारं प्रतल घ्या. पेटीचा छेद होतो ४ × १२ चा आयत. कोपऱ्यांतल्या गोलांपैकी चारांचे केंद्र त्यात येतात, मध्यापासून आडवे १ आणि उभे ३ अंतरावर. आलेखकागदावर १ सेंमी = १ धरून कंपासने काढा. मधलं वर्तुळ चारही वर्तुळांना टेकतं आणि लांब बाजूंच्या बाहेर १.६ मिमी डोकावतं. कोपरा लांब गेला, भिंत तिथेच राहिली, हे एका नजरेत कळतं.

त्रिज्या: आकृती सुंदर आहे, मान्य. पण हेच प्रतल घ्यायचं हे बीजगणिताने सांगितलं, डोळ्याने नाही. आपला दृष्टिपटल द्विमितीय. चतुर्मितीत राहणाऱ्याचा त्रिमितीय असेल, त्याला आपली बंद पेटी आतून-बाहेरून एकदम दिसेल. छेदांनी ते मिळत नाही. कसोटी देते: तुमचा तो चतुर्मितीय घन कसाही तिरका कापा आणि सूत्र न मांडता सांगा, छेदाला जास्तीत जास्त किती पृष्ठं?

सदिश: आठ. आठ घन आहेत, आणि तिरक्या कापाला प्रत्येकाकडून फार तर एकच पृष्ठ मिळतं.