1958 चं 5 लिरोतचं चांदीचं नाणं: भाव धातूचा द्यावा की इतिहासाचा?

तराजू:
इस्रायलच्या स्वातंत्र्याला 10 वर्षं झाली तेव्हाचं 5 लिरोतचं (लिरोत हे तिथलं जुनं चलन) मेनोरा-नाणं, म्हणजे ज्यूंच्या सात फाट्यांच्या दिव्याचं चित्र असलेलं, हल्ली "अतिदुर्मिळ" म्हणून विकायला येतं. माझं मत स्पष्ट आहे. साध्या प्रतीला चांदीच्या भावावर दहा-पंधरा टक्के चढवा, पुढे जाऊ नका. वजन 25 ग्रॅम, कस 900, म्हणजे निव्वळ चांदी 22.5 ग्रॅम, सराफाच्या 10 ग्रॅमच्या तोळ्याने सव्वादोन तोळे. साध्या प्रती लाखाच्या आसपास निघाल्या, प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या आरशी प्रती) 2,000 च्या घरात. दुर्मिळ काय ते प्रूफ. आणि दर्शनी किमतीला भुलू नका: 1980 मध्ये 10 लिरोतचा एक शेकेल झाला, 1985 मध्ये 1,000 जुन्या शेकेलांचा एक नवा. 5 लिरोत म्हणजे आज नव्या शेकेलचा दोन-हजारावा हिस्सा.

रेवदंडा:
लाखभर निघाली म्हणून लाखभर उरली असं कुठे आहे? जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या घरात गेली आणि जगभरची स्मारक नाणी मुशीत गेली. किती वाचली याचा हिशेब टांकसाळीच्या आकड्यात नसतो. शिवाय 1949 ची 500 प्रुता (लिराच्या आतलं सुटं चलन) चांदीची असली तरी ती चलनमालिकेतली; चांदीच्या स्मारक नाण्यांची ओळ सुरू होते ती याच मेनोरापासून. मालिका जमवणाऱ्याला पहिलं नाणं टाळता येत नाही, म्हणून त्याला मागणी कायम राहते.

आणि पाठोपाठ 1959 चं नाणं बघा, त्याच वजनाचं, त्याच कसाचं. विषय जगभर विखुरलेल्या ज्यूंचं एकत्र येणं, चित्र फेर धरून नाचणाऱ्यांचं. अलिबाग-पेणच्या पट्ट्यातून इस्रायलमधल्या लोद, दिमोना, अश्दोदला गेलेले बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू) त्याच फेरात येतात. त्यांच्या लग्नांना मात्र तिथल्या धर्मपीठाच्या अटी आडव्या येत होत्या; 1964 मध्ये क्नेसेटला (इस्रायलच्या संसदेला) त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं. ज्या घरात हे घडलं तिथे त्या नाण्याला टक्केवारी लावणार का?

तराजू:
त्या घराला लावणार नाही, दुकानदाराला लावणार. तो बेने इस्रायलचा इतिहास सांगून चांदी दुपटीने विकतो, त्यात कोकणातल्या कुणाचा फायदा?

पेटीबंद:
दोघेही नाणं खरं आहे असं धरूनच बोलताय. आधी ते तपासा. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पाण्याचा पेला त्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण बुडवून अधांतरी धरा. आकडा 2.42 च्या जवळ आला पाहिजे. 900 कसाची घनता 10.3 येते. आतून तांबं असेल तर त्याच वजनाला 2.8 च्या आसपास दिसेल. नाणं तळाला टेकलं तर आकडा एकदम वाढतो. कडेला बुडबुडे चिकटले तर थोडा फुगतो आणि चांगलं नाणं नाहक नापास होतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

दुसरा घोळ पदकांचा. 1958 पासून तिथे सरकारी पदकंही निघाली, त्यांवरही मेनोरा, तीही चांदीची. दर्शनी किंमत छापलेली नसेल तर ते नाणं नव्हे, मग विक्रेता काहीही म्हणो.

प्रूफच्या नावाखाली घासून चकचकीत केलेली साधी प्रत खपवतात. खऱ्या प्रूफची सपाट जागा आरशासारखी असते आणि अक्षरांच्या कडा धारदार. घासलेल्यात उठावाचे माथेही चमकतात, आणि दिव्याखाली तिरपं धरलं की केसासारख्या रेषा एकाच दिशेने धावतात. नंतरच्या बऱ्याच प्रूफ नाण्यांवर बारीक "मेम" हे हिब्रू अक्षर असतं. 1967 चं 10 लिरोतचं विजय-नाणं घेताना ते भिंगाने शोधा. त्याचा कस 935 आणि वजन 26 ग्रॅम, तेव्हा मेनोराचा हिशेब तिथे चालवू नका.

नवखा_संग्राहक:
माझ्याकडच्या नाण्यावर हिरवट चिकट थर आलाय. चिंच की टूथपेस्ट?

पेटीबंद:
दोन्ही नको. तो थर जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून उतरलेला असतो. काचेच्या बशीत शुद्ध अॅसिटोन घ्या (नेलपॉलिश काढायचं नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो). नाणं दहा-पंधरा मिनिटं बुडवा, ताज्या अॅसिटोनमध्ये पुन्हा खळबळा, पुसू नका, हवेवर वाळू द्या. खिडकी उघडी आणि गॅस बंद. काळसर छटा याने जाणार नाही, ती राहू द्या.

तराजू:
छटेबद्दल असहमत. रंग चढलेलं नाणं विकताना "नैसर्गिक झळाळी" म्हणून जादा मागतात. एकसारखी छटा ठीक, पण काळे ठिपके असतील तर मी भाव पाडूनच मागेन.

रेवदंडा:
ठिपक्यांना पाडा, हरकत नाही. पण रासायनिक द्रावणात बुडवून पांढरंफेक केलेलं नाणं मी त्याहून खाली धरतो. ते द्रावण काळ्या थराबरोबर चांदीचा पृष्ठभागही खातं आणि नाणं फिरवल्यावर गोल सरकणारी चकाकी कायमची जाते. असं नाणं आलं तर तुमचे दहा-पंधरा टक्केही देऊ नका, वितळणीच्या भावाने मागा. 1959 ला मात्र मी जास्तच देणार.