पेज उडवलं, दाद कुठे मागायची? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-२०३: कायद्यातलं कुणी सांगेल का? माझं मसाल्यांचं पेज काल बंद केलं. 'नियमभंग' एवढंच लिहिलंय, कुठला नियम ते नाही. दिवाळीच्या ऑर्डरी त्यातच होत्या. कोर्टात खेचता येईल का?

डी-१०१: ताई, उपयोग नाही. मुलगा सांगतो, अमेरिकेत १९९६ पासून कलम २३० आहे. पोस्ट ठेवली तरी कंपनी सुटते, काढली तरी सुटते.

सी-५०४ (वकील): काका, ते तिकडचं. आणि त्याला कारण होतं. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने प्रॉडिजी या ऑनलाइन सेवा कंपनीला बदनामीच्या मजकुराबद्दल प्रकाशक म्हणून जबाबदार ठरवलं, कारण ती लोकांच्या पोस्ट चाळून काढायची. म्हणजे साफसफाई करणारा अडकणार आणि डोळे मिटून बसणारा सुटणार! म्हणून सद्भावनेने मजकूर काढणाऱ्याला तिथे अभय दिलं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आहे. संरक्षण त्यातही आहे, पण अटींवर.

ए-३०३: कसल्या अटी?

सी-५०४ (वकील): एक अट अशी की मजकूर कंपनीने स्वतः निवडायचा नाही, बदलायचा नाही. मग पोस्ट काढणं म्हणजे निवडणंच झालं ना? २०२१ च्या नियमांनी ते मोकळं केलं. नियमांत बसत नाही असा मजकूर स्वतःहून किंवा तक्रारीवरून काढला, तर अट मोडत नाही. पण त्याच नियमांत पुढे आहे: ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून काही काढलं, तर आधी कळवायचं, कारण द्यायचं, बाजू मांडू द्यायची. हे अर्धं कुणी पाळत नाही आणि माझा संताप तिथे आहे. संरक्षण काढून घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. ते गेलं तर कंपन्या भीतीपोटी दिसेल ते उडवत सुटतील, आणि पहिला फटका ताईंसारख्यांनाच.

ए-३०३: पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या पोस्टमुळे अटक झाली, तेही यातलंच?

सी-५०४ (वकील): ते त्याच कायद्याचं कलम ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं. त्या अटकेनंतरच श्रेया सिंघल यांची याचिका आली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. त्याच निकालात कलम ७९ चाही अर्थ लावला: कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना आल्यावरही मजकूर ठेवला, तर संरक्षण जातं. नुसत्या कुणाच्या तक्रारीने नाही.

ॲडमिन: मॅडम, ग्रुपवर कुणी भलतंच टाकलं तर पोलीस मला धरतील का?

सी-५०४ (वकील): नुसते ॲडमिन आहात म्हणून नाही. गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच म्हटलंय. त्या सदस्याशी तुमचा आधीच संगनमताचा बेत असेल, तर गोष्ट वेगळी.

बी-२०३: मला ना मेल आला, ना मेसेज. आता काय करू?

सी-५०४ (वकील): आधी त्या सूचनेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल मिळायला हवा. नाही पटला, तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करा. कोर्ट त्यानंतरही आहेच. 'कुठला नियम मोडला ते सांगा' हे वाक्य पहिल्याच ओळीत घाला.

बी-२०३: मराठीत लिहिलं तर चालेल का?

सी-५०४ (वकील): सोबत इंग्रजीही जोडू. सातनंतर घरी या, मसुदा करून देते.