उत्क्रांतीवरची ऐकण्यासारखी व्याख्यानं सुचवा (विज्ञान हवंच, इतिहासही हवा)

सावरी:
१२ फेब्रुवारी, म्हणजे डार्विनचा जन्मदिवस, जवळ येतोय. त्या निमित्ताने आमच्या वाचनगटात उत्क्रांतीवरची जाहीर व्याख्यानं एकत्र बसून ऐकायचं ठरलंय. बहुतेकांचा जीवशास्त्राशी संबंध शाळेबरोबरच संपलेला. नैसर्गिक निवड नेमकी कशी चालते ते कळायला हवं, आणि ही कल्पना कुठून आली, कोण कोणाशी भांडलं, तेही. शोधायला गेलं की निम्म्या ठिकाणी 'विज्ञान विरुद्ध धर्म' अशी कुस्ती लागलेली दिसते. ती नको. फुकट ऐकता येतील अशी असली तर फारच छान.

टिटवी:
एक विनंती, डार्विनच्या दाढीपासून सुरुवात करू नका. नवख्या माणसाला आधी डोळ्यांसमोर घडलेली उत्क्रांती दाखवा, मग तो स्वतःच विचारतो की हे पहिल्यांदा कोणाला सुचलं.

त्यासाठी हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटची २००५ सालची व्याख्यानमाला. शॉन कॅरोल आणि डेव्हिड किंग्जली, चार व्याख्यानं, समोर शाळकरी मुलं बसलेली. किंग्जलींचा स्टिकलबॅक माशाचा भाग चुकवू नका. हा मूळचा समुद्रातला मासा. पोटाखाली दोन अणकुचीदार काटे, मोठ्या माशाने गिळू नये म्हणून. हिमयुग सरल्यावर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, काही मासे गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकले आणि त्यातल्या कित्येक तळ्यांत हे काटे नाहीसे झाले. कारणीभूत जनुक (पिटएक्स-१) मात्र शाबूत आहे! ते शरीरात इतरत्रही लागतं, तेच बिघडलं तर मासा जगायचा नाही. बिघडलंय ते पोटाखालच्या भागात त्या जनुकाला चालू करणारं बटण. डीएनएचा तो गळालेला तुकडा नेमका कोणता, हे २०१० साली प्रसिद्ध झालं, त्यामुळे व्याख्यानाच्या पुढची गोष्ट तुम्हीच गटाला सांगा. वेगवेगळ्या तळ्यांत तोच भाग स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा गळालाय. 'उत्परिवर्तन (डीएनएत होणारा बदल) म्हणजे निव्वळ अपघात, मग त्यातून एकसारखं काही कसं घडेल?' या नेहमीच्या शंकेला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

अभय_द:
टिटवीशी अर्धाच सहमत. इतिहास मागे ढकलला की तो राहूनच जातो.

इतिहासाचं कुठलंही व्याख्यान निवडताना माझी एक चाळणी आहे: वक्ता गालापागोसच्या फिंच पक्ष्यांबद्दल काय बोलतो? 'डार्विनने बेटावर चोची पाहिल्या आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला' असं म्हणाला की बंद करा. डार्विनने कुठला फिंच कुठल्या बेटावरचा याची धड नोंदही ठेवली नव्हती. या साऱ्या फिंचच्याच वेगवेगळ्या जाती आहेत हे लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८३७ साली सांगितलं. मग डार्विनला बीगल जहाजावरच्या इतरांचे नमुने मागून बेटं जुळवत बसावं लागलं. 

दुसरी चाळणी वॉलेस, म्हणजे ज्याला नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनपासून स्वतंत्रपणे सुचली तो. त्याला एका वाक्यात गुंडाळणारं व्याख्यान घेऊ नका. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत (निसर्ग-अभ्यासकांची संस्था) दोघांचं लेखन वाचलं गेलं तेव्हा दोघेही हजर नव्हते. वॉलेस पार मलाय द्वीपसमूहात, आणि डार्विनचं दीड वर्षाचं बाळ नुकतंच गेलेलं.

निवांत:
+१. डार्विनच्या सिद्धांतावरच्या ऑक्सफर्डच्या १८६० च्या वादाचंही तेच. डार्विनची बाजू घेणारा जीवशास्त्रज्ञ हक्स्ली आणि विरोधातले बिशप विल्बरफोर्स यांची ती चटकदार जुगलबंदी सगळे पाठ म्हणून दाखवतात, पण शब्दशः नोंद त्या दिवशी कोणी केली नव्हती.

हक्स्लीचं नाव निघालंच आहे तर त्याचं व्याख्यानच घ्या की. १८६८ साली नॉरिचमध्ये कामगारांसमोर तो खडूच्या तुकड्यावर बोलला. सुताराच्या खिशातला साधा खडू. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अतिसूक्ष्म जीवांची कवचं दिसतात, आणि तसलीच कवचं अटलांटिकच्या तळच्या गाळात सापडतात. तिथून तो श्रोत्यांना बोट धरून पृथ्वीच्या अफाट वयापर्यंत नेतो. ध्वनिमुद्रण अर्थातच नाही, पण छापील मजकूर फुकट मिळतो. गटात कोणीतरी मोठ्याने वाचा. पाल्हाळ आहे, थोडी काटछाट चालेल.

मुक्तछंद:
स्टीफन स्टर्न्स, येल विद्यापीठ, २००९. छत्तीस व्याख्यानं आहेत. सगळी ऐकवू नका, लोक पळून जातील. पहिली चार-पाच पुरेत.

मानवी उत्क्रांतीसाठी स्वांते पाबोंचं २०२२ चं नोबेल व्याख्यान. निअँडरथलचा (नामशेष झालेल्या मानवाचा) डीएनए हाडांतून काढताना हाताळणाऱ्या माणसांचाच डीएनए त्यात कसा मिसळतो, ही डोकेदुखी त्यांच्याच तोंडून ऐकावी.

सावरी:
मंडळी, भरभरून दिलंत! आणखी एक. गटातल्या दोघींची मुलंही येतील, वय बारा-तेरा. त्यांना झेपेल असं काही?

टिटवी:
रॉयल इन्स्टिट्यूशनची १९९१ ची नाताळ व्याख्यानं, रिचर्ड डॉकिन्स. पाच आहेत. फॅरेडेच्या काळापासूनची ही परंपरा मुलांसाठीच आहे, त्यामुळे प्रात्यक्षिकं भरपूर. डोळ्यासारखा अवयव पायरीपायरीने कसा घडू शकतो हे तिसऱ्यात येतं, तेच लावा. धर्माला अधूनमधून चिमटे आहेत, पण तुम्ही म्हणता तशी कुस्ती नाही. चित्रं जुनाट वाटतील, मुलं हसतील, हसू द्या.

अभय_द:
मुलांना स्टिकलबॅकही आवडेल. फक्त आधी काटेवाल्या आणि बिनकाट्याच्या माशाची चित्रं शेजारी शेजारी ठेवून 'फरक सांगा' म्हणा, आणि मग व्याख्यान लावा.