लिसनर जोडला, पण खरंच काढला का?

जावाएफएक्समध्ये (जावात स्क्रीन बनवायची लायब्ररी) स्क्रीन बंद केली तरी मेमरी कमी का होत नाही, असं कुणीतरी विचारलं होतं. त्यावर 'जीसी (नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून आपोआप काढणारा गार्बेज कलेक्टर) बघून घेईल' असं उत्तर आलंय. इथे ते चालणार नाही. लिसनर म्हणजे एखादी व्हॅल्यू बदलली की चालणारा कोड. ती व्हॅल्यू आपल्या लिसनरचा पक्का रेफरन्स (जीसी हात लावत नाही असा) धरून ठेवते. ती व्हॅल्यू अख्ख्या अ‍ॅपभर जगणारी असेल (सेटिंग्जमधली थीम, समजा), तर लिसनर आणि त्याच्यामागे सगळी स्क्रीन जिवंत राहते.

मी यात दोन दिवस घालवलेत. लिसनर काढणारी रिमूव्हलिसनरची ओळ होती, पण तिच्यात लॅम्बडा (नाव नसलेलं छोटं फंक्शन, इथे तोच लिसनर) नव्याने लिहिला होता. कोड तोच, ऑब्जेक्ट वेगळा. मग काहीच निघत नाही आणि एररही येत नाही. लॅम्बडा क्लासच्या फील्डमध्ये ठेवा. जोडताना-काढताना तोच द्या. जावाएफएक्समध्ये वीकचेंजलिसनर (मूळ लिसनरला सैल धरणारा, जीसीला न अडवणारा) आहे, पण तिथेही मूळ लिसनर फील्डमध्ये हवाच. नाहीतर जीसी त्यालाच उचलतो आणि अपडेट कधीतरी अचानक थांबतात. हा बग शोधणं तर आणखी अवघड.

अजून एक, सरसकट चेंजलिसनर लावू नका. त्याला जुनी-नवी दोन्ही व्हॅल्यू द्यायच्या असतात, म्हणून बाइंडिंगला (दुसऱ्या व्हॅल्यूंवरून काढलेल्या व्हॅल्यूला) दर वेळी लगेच हिशोब करावा लागतो. इनव्हॅलिडेशनलिसनर फक्त 'व्हॅल्यू शिळी झाली' एवढंच सांगतो, आणि ती वाचेपर्यंत सहसा पुन्हा सांगत नाही. त्यामुळे लिसनरच्या आत 'गेट' मेथडने व्हॅल्यू वाचायला विसरलात, तर पहिल्या बदलानंतर तो गप्प बसतो.

आणि जावाचा जुना ऑब्झर्व्हेबल क्लास नव्या कोडमध्ये नकोच. जावा ९ पासून तो डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नका असं जाहीर केलेला) आहे.