मदत हवी आहे: गुलाबाच्या कुळातलं पाच पाकळ्यांचं फूल वाईत कुठे मिळेल?

कृष्णाकाठची आत्या

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाचीचा आहे, पण धावपळ माझी चालली आहे. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. येत्या मंगळवारी तिला गुलाब कुल, म्हणजे रोझेसी, या विषयावर नमुने घेऊन वर्गापुढे उभं राहायचंय. फूल उभं कापून दाखवायचं, भाग मोजून पुष्पसूत्र लिहायचं, वर त्याच कुळातल्या आणखी चार वनस्पती आणायच्या. पुस्तकात एका ओळीत उरकलंय: निदलं पाच, पाकळ्या पाच, पुंकेसर पुष्कळ.

म्हटलं सोपं आहे. काल बाजारातून तीन डच गुलाब आणले, साठ रुपये मोजून. पहिल्यात पाकळ्या निघाल्या ३४, दुसऱ्यात ३७, तिसरा मोजायला भाचीने नकार दिला. पुंकेसर पुष्कळ कसले, शोधावे लागले. गाभ्याशी तर काही पाकळ्या अशा की धड पाकळी नाही, धड केसर नाही. अर्धवट आकार, दुमडलेली कड आणि कडेला पिवळा ठिपका चिकटलेला. फूलच बिघडलेलं मिळालं की काय? दारातला गावठी गुलाब बघितला, तिथेही पाकळ्यांचा पसाराच.

मग मी डोकं लढवून यादी केली. चिनी गुलाब (आमच्याकडे ऑफिस टाइम म्हणतात तो), शेजारच्या कुंडीतलं अडेनियम, कारण नर्सरीवाला त्याला वाळवंटातला गुलाब म्हणाला होता, शाळेच्या आवारातला बदाम, काटे आहेत म्हणून बोर, रासबेरीसारखी दिसते म्हणून तुती. परसातल्या पेरूला उशिराची दोन-चार फुलं आहेत, त्यांना पाच पाकळ्या आणि केसरही भरपूर. भाची म्हणते, "आत्या, नावात गुलाब असला म्हणून कूळ तेच होत नाही." बरं बाई, मग कशात असतं ते सांग. तर ते तिलाही सांगता येईना.

यातलं काय चालेल? पाच पाकळ्यांचा गुलाब आपल्याकडे मिळतो का? हिमालयात जाण्याइतका वेळ नाही.

भटक्या४१४

सदाफुली न्या. पाच पाकळ्या, बारा महिने, फुकट.

रोपवाला

ताई, माझी मावळात छोटी रोपवाटिका आहे. फूल बिघडलेलं नाही, गुलाब असाच असतो.

पाच पाकळ्यांचा गुलाब तुमच्या दारात कदाचित असेलही, पण जमिनीखाली. कलमी गुलाब म्हणजे खाली खुंट एका जातीचा आणि वर डोळा भरलेला दुसऱ्या जातीचा. खुंटाला आमच्याकडे मल्टिफ्लोरा नाहीतर नटाल ब्रायर वापरतात. डोळा भरलेल्या जागेच्या खालून एखादा पाणसोट, म्हणजे जोमदार फुटवा, जोरात वर येतो, त्याच्या एका पानात बहुधा सात छोटी पानं असतात आणि वरच्या कलमाच्या पानाला बहुतेक पाच. गिऱ्हाईक खूश होतं, झाड कसं वाढतंय बघा म्हणून. आणि वर्षभराने विचारतं, फूल का नाही? कारण खुंटाने कलम खाल्लेलं असतं. एरवी मी तो फुटवा मुळापासून काढायला सांगतो.

मल्टिफ्लोराला फुलं येतात ती पांढरी, बारीक, घोसाने, नेमकी पाच पाकळ्यांची. पण मंगळवारपर्यंत येणार नाहीत. जुन्या फांदीवर येतात, आणि आपल्या हवेत येतीलच असंही नाही.

जुन्या प्रयोगशाळेतून

आत्याबाई, मी पस्तीस वर्षं हेच शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी ते गुलाब फेकू नका. तुमच्या हातात चांगला नमुना आहे, तुम्ही फक्त चुकीची गोष्ट मोजताय. माणसाने शेकडो वर्षं निवड करत जास्त पाकळ्यांची झाडं राखली. त्या पाकळ्या येतात कुठून? पुंकेसर व्हायला निघालेले भाग पाकळ्या होतात. म्हणून पाकळ्या वाढल्या की केसर कमी. तुम्हाला दिसलेली ती अर्धी पाकळी, कडेला पिवळा परागकोश लटकलेली, हा त्याचा रंगेहाथ पकडलेला पुरावा. भाचीला ती कागदावर चिकटवून न्यायला सांगा. आख्ख्या वर्गात कोणाकडे नसेल.

आता फूल उलटं धरा. खालची हिरवी निदलं मोजा. पाकळ्या ३४ असोत की ६०, निदलं साधारणपणे पाचच. आणि त्यांच्या कडा निरखून बघा. बऱ्याच गुलाबांत दोन निदलांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोन अगदी गुळगुळीत आणि पाचव्याला एकाच बाजूला झालर. युरोपात यावर जुनं लॅटिन कोडं आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, एकाला अर्धीच. कारण सोपं आहे. कळीत ही पाच एकमेकांवर अशी बसतात की दोन पूर्ण बाहेर, दोन पूर्ण आत, आणि एकाची एक कड बाहेर तर दुसरी आत. जी कड बाहेर राहिली तिला झालर फुटली.

मग उभा छेद घ्या. देठाच्या वर हिरवा फुगीर भाग आहे ना, तो पेला आहे. निदलं, पाकळ्या आणि पुंकेसर तिन्ही त्या पेल्याच्या काठावर उभे असतात, आणि आत तळाशी केसाळ, सुटे सुटे स्त्रीकेसर. कूळ ओळखायची खरी खूण ही. पाच पाकळ्या काय, सदाफुलीलाही असतात! (भटक्या, तिच्या पाकळ्या खाली जुळून नळी होते आणि पुंकेसर पाचच, तेही नळीत लपलेले. नाही चालणार.) वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली गुलाब, स्ट्रॉबेरी, सफरचंद यांना एका वर्गात घातलं ते केसर वीस किंवा जास्त आणि तेही या काठावर बसलेले म्हणूनच.

पेरूने तुम्हाला बरोबर फसवलं, कारण केसर तिथेही भरपूर. पण पेरूची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि चुरगळली की वास येतो. गुलाबाची एकाआड एक. शिवाय गुलाबाच्या पानाच्या देठाला बुडाशी दोन्ही बाजूंनी पंखासारखी हिरवी पट्टी चिकटलेली असते, ती उपपर्णं. पेरूला ती नसतात. पेरू जांभळाच्या कुळातला.

बाकी यादी: शाळेतला बदाम हा खायचा बदामच नव्हे. तो हिरडा, बेहडा आणि अर्जुनाच्या घरचा. बोर आणि तुती मात्र अगदीच परकी नाहीत. कुळं वेगळी, पण गुलाबाचं कूळ ज्या गणात (म्हणजे कुळांच्या मोठ्या गटात) येतं त्याच गणात बोराचंही येतं आणि तुती, अंजीर, वड, पिंपळ यांचंही. चुलत घराणी म्हणा. काट्यावर जाऊ नका. गुलाबाचा काटा सालीतून आलेला असतो, अंगठ्याने बाजूला दाबला की टक्कन निघतो. बोराचा काटा म्हणजे रूप बदललेलं उपपर्ण. दिसायला दोन्ही काटेच.

आणि आता मुख्य. आत्याबाई, तुम्ही वाईत राहता. डिसेंबर चालू आहे. पसरणी घाट चढा.

कृष्णाकाठची आत्या

घाट चढून काय? पाचगणीला गुलाबाची शेती आहे का?

जुन्या प्रयोगशाळेतून

स्ट्रॉबेरी!

कृष्णाकाठची आत्या

अरे देवा. आमच्या दारावरून पाट्या भरभरून गाड्या जातात आणि मी बोराचे काटे मोजतेय.

खादाडभाऊ

चेरीपण याच कुळातली ना? केकवरची नेली तर एक नमुना सुटेल. उरलेला केक इकडे पाठवा.

जुन्या प्रयोगशाळेतून

चेरी याच कुळातली, पण केकवरची लालभडक "चेरी" पुष्कळदा पाकात मुरवलेलं करवंद असतं. करवंद कण्हेरीच्या कुळातलं. सदाफुली त्याच कुळातली आणि अडेनियमही. म्हणजे गुलाबाच्या धाग्यावर कण्हेरीचं घराणं तिसऱ्यांदा येऊन गेलं.

उरलेले नमुने फळवाल्याकडे आणि वाण्याकडे मिळतील. सफरचंद घ्या आणि आडवं कापा, मधोमध पाच कप्प्यांची चांदणी दिसेल. ते पाच स्त्रीकेसर. देठाच्या विरुद्ध टोकाला खळगीत जी वाळकी टोकं असतात ती निदलं, फुलावेळची, अजून तिथेच. नासपती मिळाली तर तिचंही तसंच. वाण्याकडून टरफलासकट बदाम आणि जर्दाळू आणा. जर्दाळूचा आपण गर खातो आणि आठळी टाकतो. बदामाचा गर वाळून फाटतो, तो कोणी खात नाही, आठळी फोडून आतली बी खातो. रचना एकच, दात कुठे लावायचे एवढाच फरक.

भाचीला मी म्हणेन, भाषणाचा कणा हाच ठेव. या कुळाचं फूल सगळीकडे जवळपास एकाच साच्याचं, पण फळात प्रत्येकाने वेगळा भाग फुगवलाय. जर्दाळूत किंजपुटाची, म्हणजे स्त्रीकेसराच्या बी धरणाऱ्या फुगीर बुडख्याची, भिंत मांसल झाली. सफरचंदात तो बाहेरचा पेला फुगला आणि किंजपुट मधे चिमुकलं राहिलं. स्ट्रॉबेरीत फुलाचं आसनच फुगलं, आणि वर जे बारीक दाणे टोचतात ते प्रत्येकी एकेक पूर्ण फळ आहे. रासबेरीत प्रत्येक स्त्रीकेसराचं छोटं रसाळ फळ होऊन त्यांचा घोस झाला. महाबळेश्वरला रासबेरी तोडताना आतलं पांढरं बोंड झाडावरच राहतं आणि फळ टोपीसारखं पोकळ हातात येतं. तुती तशी पोकळ कधीच निघत नाही, कारण ती एका फुलाची नसते, आख्ख्या तुऱ्याची असते.

पुस्तक जुनं असेल तर त्यात फळांवरून चार उपकुळं दिलेली असतील. हल्ली डीएनए बघून तीनच धरतात. परीक्षेला जे पुस्तक लावलंय तेच लिहायचं, तोंडी विचारलं तर दुसरंही सांगायचं.

रोपवाला

सर, गुलाबाचं फळ राहिलं. लोकांना माहीतच नसतं की गुलाबाला फळ येतं, कारण फूल सुकलं की आम्हीच कात्री लावायला सांगतो. सुकलेलं फूल ठेवलं आणि फळ धरलं तर तोच हिरवा पेला फुगून नारिंगी-लाल होतो, छोट्या बोराएवढा.

जुन्या प्रयोगशाळेतून

बरोबर. आणि आत जे बियांसारखे कडक दाणे भरलेले असतात ती फळं. स्ट्रॉबेरीने दाणे बाहेर लावले, गुलाबाने आत कोंडले. मी सर नव्हे, मॅडम.

रोपवाला

माफ करा मॅडम. :)

कृष्णाकाठची आत्या

शनिवारी दुपारी भाचीला स्कूटरवर मागे बसवून घाट चढले. पाचगणीच्या पुढे भिलारच्या रस्त्याला एका शेताशी थांबलो. शेतकरीदादांना चार फुलं मागितली तर आधी ऐकू आल्याचा विश्वासच बसेना त्यांना. "ताई, लोक फळ मागतात." मग म्हणाले, "एक फूल तोडलं म्हणजे एक फळ गेलं बघा." तरी चार दिली आणि पैसे घेईनात. शरमेने दोन पेट्या विकत घेतल्या.

घरी येऊन ब्लेड. पांढऱ्याशुभ्र पाच पाकळ्या, मधे पिवळा उंचवटा, भोवती केसर २३. भाची नाचायची राहिली. पण दुसऱ्या फुलाला सहा पाकळ्या! आणि खालची हिरवी पानं चारही फुलांत दहाच्या आसपास. पाच मोठी, मधे मधे पाच बारीक. मॅडम, निदलं पाच म्हणाला होतात ना?

गुलाबाची दाढीसुद्धा पाहिली. एका फुलात अगदी तुम्ही म्हणालात तशी, दोन-दोन-एक. दुसऱ्यात पाचही तुळतुळीत.

जुन्या प्रयोगशाळेतून

निदलं पाचच. बाहेरची पाच बारीक ती जादा झालर, जास्वंदीच्या फुलाखाली असते तशी. भाचीला "अपिकॅलिक्स" म्हटलं की कळेल. गुलाबाला ती नसते, हेही तिने सांगावं, मार्क पडतात. सहा पाकळ्यांचं घाबरू नका, दांड्यावरचं पहिलं मोठं फूल असलं की एखादी जास्त निघते. ते फूल लपवू नका, तेही न्या.

खादाडभाऊ

दुसऱ्या पेटीचं काय झालं ते कोणी विचारलंच नाही.

कृष्णाकाठची आत्या

दीड पेटी संपली. उरलेली मंगळवारसाठी भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली लपवली आहे. फुलं वाटीभर पाण्यात तरंगत ठेवलीत. दारातल्या गावठी गुलाबाची सुकलेली दोन फुलं यंदा तोडली नाहीत, यजमान दोनदा कात्री घेऊन गेले होते.

रोपवाला

ताई, फुलं पाण्यातून काढा आधी, पाकळ्या गळतील. ओल्या रुमालात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.