कर्नलमधला जुना आयपीटेबल्सचा कोड: काढायचा की सांभाळत बसायचं?

बांधबंदिस्ती

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, नेटवर्कवरची पॅकेटं गाळणाऱ्या (फायरवॉलच्या) दोन यंत्रणा आज शेजारी शेजारी नांदताहेत. पहिली, आयपीटेबल्स, कर्नलच्या २.४ आवृत्तीबरोबर जानेवारी २००१ मध्ये आली; दुसरी, एनएफटेबल्स, ३.१३ बरोबर जानेवारी २०१४ मध्ये. डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ या लिनक्सच्या वितरणांनी २०१९ मध्येच ‘आयपीटेबल्स’ ही आज्ञा तीच ठेवून आतली तार एनएफटेबल्सला जोडली. म्हणजे बहुतेक सर्व्हरांवर लोक जुनी भाषा बोलतात आणि काम नवं इंजिन करतं. जुनं इंजिन मात्र कर्नलच्या मूळ कोडमध्ये तसंच आहे. २०२४ मध्ये त्याला वेगळा ‘लेगसी’ पर्याय मिळाला, त्यामुळे ते न घेताही कर्नल बांधता येतो.

माझं म्हणणं: पर्याय देऊन थांबू नये. तारीख जाहीर करून हा कोड काढावा.

कारण त्याच्या रचनेतच आहे. जुन्या पद्धतीत एक नियम घालायचा तरी अख्खं टेबल कर्नलमधून वर आणायचं, त्यात बदल करायचा आणि अख्खं परत खाली द्यायचं. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी हे करायला गेले तर एकाचा बदल पुसला जातो. म्हणून युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांच्या बाजूला, एक कुलपाची फाइल ठेवावी लागली आणि ‘थांब’ असं सांगायला वेगळा पर्याय आला.

टेबल बदलतानाचं त्याहून अवघड. नवं टेबल जागेवर ठेवल्यावर जुन्यातून अजून कुठला सीपीयू पॅकेट चालवतोय का, हे कळायला हवं. त्यासाठी दर सीपीयूमागे एक अनुक्रम-मोजणी आहे. मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम ती पुरेसा बांधत नव्हती, त्यामुळे क्रम सैल असलेल्या प्रोसेसरवर शून्य पत्त्यावर वाचन होऊन कर्नल कोसळायचा. २०२० मध्ये उपाय म्हणून आरसीयू (वाचणारे जुनी प्रत सोडेपर्यंत थांबायची पद्धत) आणलं. मग टेबल बदलायला दहापटीपर्यंत वेळ लागू लागला, आणि मार्च २०२१ मध्ये ते मागे घेऊन योग्य मेमरी बॅरिअर (तो क्रम बांधणारी आज्ञा) घातला. खरं दुखणं पुढे आहे. हाच आरसीयूचा प्रयोग २००९ मध्ये होऊन गेला होता आणि याच मंदपणामुळे बदलला होता. बारा वर्षांत तोच खड्डा दोनदा. ज्या कोडचा पूर्वेतिहास रोज कुणी वाचत नाही, त्याचं असंच होतं.

गाभारा२४

सहमत नाही. तुम्ही दिलेलं उदाहरण उलट्या बाजूने वाचता येतं: दोष सापडला, चुकीचा उपाय मागे घेतला, बरोबर उपाय बसला. देखभाल म्हणतात ती हीच.

कर्नलचा युजरस्पेसशी एक करार आहे: चालतंय ते मोडायचं नाही. अँड्रॉइडचा नेटवर्क डीमन (मागे चालणारा प्रोग्रॅम, नेटडी) आजही आयपीटेबल्सचे नियम लिहितो. कारखान्यांतली नियंत्रणं, बँकांच्या शाखांतले जुने राउटर यांत बायनरी एकदाच बांधलेली असते. कर्नल सुधारित हवा पण युजरस्पेस हलवता येत नाही, ही त्यांची रोजची अवस्था. कोड काढलात तर ते एनएफटेबल्सवर जाणार नाहीत, जुन्याच कर्नलवर अडकून बसतील. सुरक्षितता वाढवायला निघून घटवल्यासारखं होईल.

आणि नवं म्हणजे निर्दोष असं समजू नका. सीव्हीई-२०२४-१०८६ बघा (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक). पॅकेटचं काय करायचं या निकालाच्या आकड्याचे खालचे आठ बिट ‘टाका’ सांगतात आणि वरचे सोळा त्याबरोबर कळवायच्या त्रुटीचा क्रमांक सांगतात. एनएफटेबल्सने युजरकडून आलेले वरचे बिट तपासलेच नाहीत. तिथे ठरावीक किंमत भरली की हुक (पॅकेटच्या वाटेवरचे नियमांचे थांबे) चालवणारं फंक्शन आधी पॅकेट मोकळं करतं आणि वर उत्तर १ देतं, म्हणजे ‘स्वीकारा’. पुढचा कोड त्या मोकळ्या केलेल्या पॅकेटवर काम करून ते पुन्हा मोकळं करतो. सामान्य वापरकर्त्याचा रूट (सर्वाधिकारी) व्हायला एवढं पुरलं. ३.१५ पासूनचे कर्नल यात सापडले आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने हा दोष प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्यांच्या यादीत घातला. आदल्या वर्षीचा सीव्हीई-२०२३-३२२३३ वेगळ्या जातीचा: एकाच जथ्यात (एकदम पाठवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) निनावी संच असलेला नियम काढायचा आणि त्याच जथ्यात पुढे त्या संचाला हात लावायचा. जथा पूर्ण होताना आणि रद्द होताना संदर्भांची मोजणी सांभाळणं हे एनएफटेबल्सचं अवघड दुखणं आहे. जुन्यात जथाच नाही, त्यामुळे हे दोषही नाहीत.

बांधबंदिस्ती

जुन्यात ते नाहीत, पण दुसरे आहेत. सीव्हीई-२०२१-२२५५५. ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांची आयपीटेबल्स चालवली की रचनांचे आकार जुळत नाहीत, म्हणून मधला अनुवादाचा थर प्रत्येक नोंद ताणून लिहितो. टार्गेटचा (नियम जुळल्यावर करायच्या कृतीचा) आकार आठच्या पटीत आणायला उरलेली जागा शून्यांनी भरायची, आणि ती भरताना मोजके शून्य बाइट वाटप केलेल्या जागेबाहेर पडत. फक्त शून्य, तेही मोजके. तेवढ्यावर गूगलच्या संशोधकाने कंटेनर (प्रोग्रॅम वेगळा कोंडणारी चौकट) फोडून रूटपर्यंत मजल मारून दाखवली. दोष २००६ चा, उघडकीला आला २०२१ मध्ये. पंधरा वर्षं! दुरुस्ती काय होती, तर शून्यं भरणारी ओळच काढली.

कोड शांत आहे म्हणून निरोगी आहे, असं धरता येत नाही. कुणी बघत नसलं तरी तो शांतच दिसतो.

शून्यप्रत

दोघांच्याही उदाहरणांत एक दुवा समान आहे आणि तो अजून कुणी उच्चारलेला नाही: युजर नेमस्पेस, म्हणजे वापरकर्त्याला मिळणारं अधिकारांचं वेगळं आवार.

फायरवॉलचा हा कोड लिहिला गेला तेव्हा गृहीत असं होतं की नियम घालणारा प्रशासकच असणार. तो आधीच रूट, मग त्याच्या इनपुटपासून कर्नलने स्वतःला कशाला जपायचं? नंतर युजर नेमस्पेस आलं. आता कुणीही साधा वापरकर्ता स्वतःचं नेमस्पेस उघडतो आणि त्यात त्याला नेटवर्क-प्रशासनाचा अधिकार मिळतो. जे दार आतल्या खोलीचं होतं ते रस्त्यावर उघडलं.

एनएफटेबल्सच्या बाबतीत तर मॉड्यूल (कर्नलला जोडायचा सुटा भाग) चढवलेलं नसलं तरी चालतं. नेटलिंकवर (कर्नलशी बोलायच्या वाहिनीवर) त्याच्या नावाचा पहिला जथा आला की कर्नल स्वतःच मॉड्यूल उचलतो. म्हणजे ज्या सर्व्हरवर एनएफटेबल्स कधी वापरलंच नाही, तिथेही हल्लेखोराला ते मिळतं.

यावर आजच करता येण्यासारखं:

युजर नेमस्पेसची कमाल संख्या सिस्टीम-कंट्रोलमधून शून्य करा. ब्राउझरचं सँडबॉक्स, ॲप वेगळी चालवणारं फ्लॅटपॅक आणि रूटशिवाय कंटेनर चालवणारं पॉडमन यांना मात्र याचा फटका बसतो. डेस्कटॉपवर हे झेपत नाही. डेटाबेसच्या सर्व्हरवर बिनदिक्कत करावं. उबुंटूने २३.१० पासून मधला मार्ग दिलाय: ॲपआर्मर या सुरक्षा-यंत्रणेची प्रोफाइल असेल त्याच प्रोग्रॅमला नेमस्पेसमधले अधिकार.

न वापरलेल्या इंजिनाचं मॉड्यूल अडवा. इथे एक चूक हटकून होते. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या) फाइलीत नुसतं ‘ब्लॅकलिस्ट’ लिहिलं की फक्त उपनावाने होणारं चढणं थांबतं, नाव घेऊन मागितलं तर मॉड्यूल चढतंच. पक्कं अडवायला त्या मॉड्यूलसाठी ‘इन्स्टॉल’ची ओळ लिहून तिथे ‘फॉल्स’ हा प्रोग्रॅम द्यावा लागतो. एनएफटेबल्स अडवायच्या आधी आयपीटेबल्सला आवृत्ती विचारा; कंसात ‘लेगसी’ ऐवजी ‘एनएफ_टेबल्स’ आलं तर मॉड्यूल अडवून तुमची स्वतःचीच फायरवॉल पुढच्या रीबूटला उभी राहणार नाही.

गाभारा२४

शून्यप्रत यांच्याशी पूर्ण सहमत, आणि माझं म्हणणं यानेच बळकट होतं. ३२ बिटांचा अनुवादाचा थरही २०२१ पासून स्वतंत्र पर्याय आहे, नको असेल तर न घेता कर्नल बांधता येतो. धोका असा तुकड्यातुकड्याने छाटता येत असेल तर आख्खा कोड काढायचा हट्ट का?

कुंपण

एक तांत्रिक गैरसमज दूर करतो, कारण त्यावाचून ही चर्चा हवेत राहील. ‘आयपीटेबल्सचा कोड’ म्हणजे दोन वेगळे थर आहेत.

पहिला, टेबलांचं इंजिन: टेबल साठवणं, बदलणं, ओळीने चालवणं. दुसरा, एक्सटेबल्स या सामायिक चौकटीचे जुळवणारे आणि टार्गेटं: कनेक्शनची अवस्था तपासणारा, मर्यादा मोजणारा, टिप्पणी ठेवणारा, असे डझनावारी छोटे मॉड्यूल. आयपीटेबल्सची एनएफ आवृत्ती यातल्या अनेकांना आजही अनुकूलनाच्या थरामार्फत एनएफटेबल्सच्या आतून बोलावते. म्हणजे उद्या इंजिन काढलं तरी दुसरा थर राहणारच, आणि त्यातले दोषही.

तेव्हा काढण्याने वाचतं ते नेमकं इंजिन, त्याचं ते अनुक्रम-मोजणीचं प्रकरण आणि ईबीटेबल्स-एआरपीटेबल्स या भावंड-यंत्रणांमधल्या त्याच्या जवळपास सारख्या प्रती. हे थोडं नाही. रिअल-टाइम कर्नल (ठरल्या वेळेत उत्तर देणारा) ६.१२ मध्ये मुख्य कोडमध्ये आला, त्यात सॉफ्ट-इंटरप्ट (कर्नलची थोडी पुढे ढकललेली कामं) थांबवल्याने सीपीयूपुरतं कुलूप मिळतं हे गृहीत टिकवायचं नाही असं चाललंय. जुनं इंजिन नेमकं त्याच गृहीतावर उभं आहे. ते दुरुस्त करण्याऐवजी रिअल-टाइम कर्नलमधून लेगसी टेबलं वगळली गेली. ज्यांना कोडची खडान्‌खडा माहिती आहे, त्यांनीच दुरुस्तीपेक्षा वगळणं निवडलं, याचा अर्थ लक्षात घ्यायला हवा.

नदीकाठ

काढा म्हणणाऱ्यांनी स्थलांतर प्रत्यक्षात कुठे फसतं तेही सांगावं. मी सांगतो.

एक. तपासणी. जुनी टेबलं आहेत का हे बघायला प्रोक-नेटमध्ये (कर्नलची नेटवर्क-माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीत) आयपी_टेबल्स_नेम्स ही फाइल असते, पण ती त्या त्या नेटवर्क नेमस्पेसपुरती (नेटवर्कच्या वेगळ्या आवारापुरती). यजमानावर रिकामी दिसते आणि आत तीन कंटेनर जुन्या बायनरीने नियम घालून बसलेले असतात. प्रत्येक नेमस्पेसमध्ये शिरून पाहावं लागतं. आणि लेगसी आज्ञेने नुसती यादी मागू नका. यादी मागितल्यानेच फिल्टर टेबलाचं मॉड्यूल चढतं, मग ‘आहे’ असं खोटं उत्तर मिळतं.

दोन. भाषांतर. जुने नियम फाइलीत साठवून आयपीटेबल्स-रिस्टोर-ट्रान्सलेट या आज्ञेला दिले की एनएफटेबल्सची फाइल तयार होते. ज्या नियमाचं भाषांतर जमलं नाही तो टिप्पणी होऊन, पुढे # लागून येतो. फाइल विनातक्रार चढते. वगळलेली ओळ ‘टाका’ची असेल तर तेवढं भोक उघडं राहतं. म्हणून चढवायच्या आधी # ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा आणि प्रत्येकीचा हाताने निकाल लावा.

तीन. दोन्ही इंजिनं एकाच वेळी. पॅकेट दोन्हींतून जातं. एकाने ‘स्वीकारा’ म्हटलं तरी तो निकाल त्या साखळीपुरता, पुढची साखळी ते टाकू शकते. ‘टाका’ मात्र अंतिम. त्यामुळे जुन्यात पोर्ट उघडा, नव्यात बंद, आणि माणूस चुकीच्या यादीकडे बघत तास घालवतो. नॅटमध्ये (पॅकेटचा पत्ता बदलण्यात) ज्याने कनेक्शनचा पत्ता आधी ठरवला त्याचाच टिकतो.

चार. कंटेनरमधली आयपीटेबल्स-एनएफ यजमानापेक्षा जुनी असेल तर नव्याने लिहिलेले नियम तिला पूर्ण वाचता येत नाहीत. ती ते अर्धवट दाखवते, आणि साठवून परत भरले तर न कळलेला भाग गळतो. ‘ही खूण असलेली पॅकेटं टाका’ या नियमातली खूण गळली तर उरतं ‘सगळी टाका’.

बांधबंदिस्ती

तिसऱ्या मुद्द्याचाच उपयोग करून घेता येतो. ‘टाका’ अंतिम असल्याने क्रम असा ठेवायचा: आधी नवे नियम कोरड्या तपासणीतून (प्रत्यक्ष न चढवता) काढायचे, मग पाच मिनिटांनी आपोआप उलटवणारा टायमर लावायचा, मग नवे चढवायचे आणि जुने अजून राहू द्यायचे. या अवस्थेत दोघांपैकी जो कडक तो चालतो, भोक पडत नाही. बाहेरून नवीन एसएसएच जोडणी उघडून बघायची. आधीची चालू आहे हा पुरावा नव्हे. ती बहुधा ‘प्रस्थापित’ म्हणून सुटत असते. मगच जुनी टेबलं रिकामी करून मॉड्यूल उतरवायचे. नॅट असेल तर तेवढा भाग वेगळ्या वेळी हलवायचा.

आणि वेग. कंटेनरांचा ताफा सांभाळणाऱ्या कुबरनेटीससारख्या ठिकाणी सेवा हजारांनी असतात, जुन्यात नियमांची ओळ तितकी लांब होते. नॅटमध्ये ही ओळ फक्त नव्या कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटला चालावी लागते, पण तेवढंही जाणवतं. एनएफटेबल्समध्ये पत्ता आणि पोर्टवरून एका हॅश-शोधात थेट उडी. म्हणून क्यूब-प्रॉक्सी या कुबरनेटीसमधल्या वाहतूक वळवणाऱ्या भागाची एनएफटेबल्स पद्धत २०२५ मध्ये १.३३ बरोबर स्थिर म्हणून जाहीर झाली. मोठा वापरकर्ताच निघाला की मागे कोड सांभाळायला कोण राहणार? २.४ मध्ये आयपीचेन्स आणि आयपीएफडब्ल्यूॲडमिन या त्याहून जुन्या फायरवॉलांसाठी जुळवणीचे मॉड्यूल होते, ते २.६ च्या काळात गेले. जग थांबलं नाही.

गाभारा२४

तेव्हाचं आणि आताचं प्रमाण एक नाही, आणि उलटं उदाहरणही आहे. २०१८ मध्ये ४.१८ बरोबर बीपीफिल्टर आलं, आयपीटेबल्सची जागा घ्यायला. सांगाड्यापलीकडे गेलंच नाही आणि २०२४ मध्ये काढलं. तेव्हा त्याच्या भरवशावर जुनं इंजिन मोडलं असतं तर?

तरी कुंपण यांचा रिअल-टाइमचा मुद्दा मला खोडता येत नाही. मूळ पर्यायात लेगसी बंद, हवं त्याने मुद्दाम चालू करावं, चालू केल्यावर बूटच्या नोंदीत ठळक इशारा यावा, इथपर्यंत मी येतो. काढण्याची तारीख अँड्रॉइडने नेटडी हलवल्याखेरीज लावू नये, यावर ठाम आहे.

कुंपण

इशारा बूटच्या नोंदीत नको, तिथे तो वाहून जातो. टेबल पहिल्यांदा नोंदवलं जातं त्या जागी, ते मागवणाऱ्या प्रोसेसचं नाव आणि क्रमांक देऊन, एकदाच छापावा. कोणता कंटेनर जुनी बायनरी चालवतोय हे नदीकाठ यांना नेमस्पेस न धुंडाळता तिथेच कळेल.