सासूबाईंच्या दातांसाठी मदत हवी आहे: ऑल-ऑन-फोर की खालच्या कवळीला दोन इम्प्लांट? (पुणे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या सासूबाईंचा आहे. वय ६८, आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. वरच्या जबड्यात त्यांचा स्वतःचा एकही दात उरलेला नाही. तिथे पूर्ण कवळी आहे आणि ती बऱ्यापैकी बसते. खाली समोरचे चारच दात आहेत, त्यातले दोन हलतात. बाकीच्या जागेसाठी तारेने अडकवायची अर्धी कवळी केली, पण ती बोलताना उचलली जाते. जेवताना तिच्याखाली शेंगदाण्याचा एखादा कण गेला की कळ जाते आणि त्या ताट बाजूला सारतात.

माहेर सासवडजवळचं. लहानपणापासून मिश्री लावायची सवय, ती नातवंडं झाल्यावर सोडली. तोवर हिरड्या खाली गेल्या होत्या आणि दात एकेक करून हलून पडले. किडले फार कमी. मधुमेह आहे, गोळ्यांवर आहे, शेवटचं एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.४ आलं. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं जातं. या शेवटच्या औषधामुळेच मी इतकी अडले आहे.

दोन डॉक्टरांनी दोन अगदी वेगळे सल्ले दिले.

पहिल्या क्लिनिकमध्ये सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन काढला आणि सांगितलं की खालचे चारही दात काढून टाकू, वर चार आणि खाली चार इम्प्लांट (हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) बसवू, म्हणजेच ऑल-ऑन-फोर, तीन दिवसांत पक्के दात. दोन्ही जबड्यांचे मिळून साडेसहा लाख. आठवड्याच्या आत ठरवलं तर सवलत. साखरेबद्दल विचारलं, पण हाडांच्या इंजेक्शनबद्दल कोणीच विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "त्याने काही होत नाही." ज्या औषधामुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, त्याची चौकशी न करता दात काढायची तारीख देणं मला अजिबात पटलं नाही.

दुसऱ्या डॉक्टर प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या तज्ज्ञ आहेत. त्यांनी आधी औषधांची पूर्ण यादी मागितली. वरची कवळी चांगली बसतेय तर तिला हात लावायला नको, असं त्यांचं मत. हलणारे दोन दात वाचणार नाहीत, उरलेल्या दोनांचं एक्स-रे बघून ठरवू. खाली समोरच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यांवर काढता-घालता येणारी कवळी. इम्प्लांटच्या डोक्यावर कवळीतली टोपी टिचबटणासारखी बसते. खर्च दीड लाखाच्या आसपास. पण त्याआधी हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आणा, त्याशिवाय एकही दात काढणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मी वाचून जे समजून घेतलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. वरची कवळी टाळूला चिकटून धरते. खालच्या कवळीला टाळू नाही, त्यातच जीभ तिला सतत ढकलते. शिवाय दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने झिजतं, म्हणून खालच्या कवळीच्या तक्रारी जास्त. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं की बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा. ऑल-ऑन-फोर पद्धत पोर्तुगालचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी रूढ केली. त्यात पुढचे दोन इम्प्लांट सरळ आणि मागचे दोन तिरके बसवतात, म्हणजे वर सायनस (गालाच्या हाडामागची पोकळी) आणि खाली ओठाला संवेदना देणारी नस टाळता येते आणि बऱ्याचदा हाड भरावं लागत नाही. पद्धत चांगलीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आईंना ती हवी का, हा प्रश्न आहे.

त्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की कवळी काढून वाटीत ठेवायची त्यांना लाज वाटते, त्यामुळे "पक्के दात" हे शब्द ऐकून त्यांचे डोळे चमकले. भजनी मंडळात त्या पुढे बसून अभंग उचलायच्या. आता कवळी हलेल म्हणून मागे बसून नुसते ओठ हलवतात. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खातात. हे रोज बघवत नाही, म्हणून पैशांसाठी मागे हटायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. पण दात एकदा काढला की काढला. मेडिक्लेमवाल्यांनी अपघात नसेल तर खर्च मिळणार नाही असं कळवलं आहे.

तर विचारायचं असं: झोलेड्रॉनिक ॲसिड चालू असताना कोणी घरच्यांचे इम्प्लांट केले आहेत का? दंतवैद्य आणि हाडांचे डॉक्टर यांच्यातला समन्वय कसा साधलात? आणि दोन इम्प्लांटवरची कवळी वापरणारं कोणी असेल तर ती बोलताना, गाताना खरंच जागेवर राहते का? पुण्यातल्या दंत महाविद्यालयांत असं काम करून घेतल्याचा अनुभव असेल तर तोही हवा आहे.

प्रतिसाद

ताई, मी स्वतः दंतवैद्य आहे, पुण्याबाहेर प्रॅक्टिस करतो. तोंड न तपासता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी बोलायलाच हव्यात.

ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका कमी असतो. कॅन्सरच्या रुग्णांना हेच औषध वारंवार देतात, तिथे तो कितीतरी जास्त. म्हणून इम्प्लांट होणारच नाही असं नाही. मात्र दात काढणं हाच या त्रासाचा सर्वांत मोठा निमित्तकारण ठरणारा भाग आहे, त्यामुळे चारही दात सरसकट काढायच्या घाईला माझा विरोध आहे. उलट बाजूही बघा. हलणाऱ्या दाताभोवती पू असेल तर तो तसाच ठेवणंही धोक्याचं. डोस कधी झाला, किती वर्षं चालू आहे, पुढचा कधी, हे हाडांच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. औषध पुढे ढकलायचं की नाही ते त्यांनीच ठरवायचं, घरच्या घरी नाही. कोणाच्या आईला सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं (हाडांच्या ठिसूळपणावरचं दुसरं औषध) इंजेक्शन असेल त्यांनी तर ते स्वतःहून चुकवूच नये, त्यात मणके पिचण्याचा धोका असतो.

"तीन दिवसांत पक्के दात" याबद्दल. तीन दिवसांत बसतात ते तात्पुरते ॲक्रिलिकचे दात, तेही इम्प्लांट हाडात पुरेसे घट्ट बसले तरच. टायटॅनियमला हाड धरायला खाली साधारण तीन-चार महिने आणि वर चार ते सहा महिने लागतात. तोवर मऊच खायचं. कायमचा ब्रिज, म्हणजे इम्प्लांटवर पक्की बसवलेली दातांची सलग रांग, त्यानंतर. त्या साडेसहा लाखांत हा कायमचा ब्रिज धरला आहे का, तो ॲक्रिलिकचा (प्लास्टिक) की झिरकोनियाचा (सिरॅमिक), हे कागदावर लिहून मागा. इम्प्लांटच्या कंपनीचं नाव आणि लॉट नंबरचं स्टिकरही मागा. दहा वर्षांनी एखादा स्क्रू बदलायचा झाला तर ते लागतं.

आणखी एक, जे क्लिनिकमध्ये क्वचित बोललं जातं. पक्का ब्रिज तोंडातच साफ करावा लागतो, त्याच्या खालून ब्रश आणि पाण्याचा फ्लॉसर रोज फिरवावा लागतो. तुमच्या सासूबाईंचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले आहेत, तोच आजार इम्प्लांटभोवतीही होतो आणि मधुमेहात तो लवकर बळावतो. आज हात चालतात, पण ऐंशीव्या वर्षी हे जमेल का? काढता येणारी कवळी बाहेर काढून घासता येते, गरज पडली तर तुम्हीही घासून देऊ शकता. तिच्यातल्या नायलॉनच्या टोप्या झिजतात, मधूनमधून बदलाव्या लागतात, हाड झिजेल तशी कवळी आतून भरून घ्यावी लागते. तो खर्च धरून चाला.

प्रतिसाद

माझ्या वडिलांना खाली दोन इम्प्लांटवरची कवळी आहे. हडपसरला करून घेतली. ते कीर्तनाला टाळकरी म्हणून उभे राहतात, मोठ्याने गातात, कवळी उचलली जात नाही. पेरू मात्र अजून फोडी करूनच खातात. रात्री काढून ठेवावी लागते, त्याची त्यांना सवय झाली. इंजेक्शनबद्दल अनुभव नाही.

प्रतिसाद

धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, तुमच्याकडून जवळ पडेल. वडगावला सिंहगडचंही आहे. आझम कॅम्पसला रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. मी माझ्या मावशीला घेऊन गेले होते. प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात आणि प्राध्यापक प्रत्येक टप्पा तपासतात. खर्च बाहेरपेक्षा बराच कमी आला, पण वेळ खूप जातो, रांगेत बसायची तयारी ठेवा. स्कॅन तुमच्याकडे आहेच, त्याची सीडी मागून घ्या, नुसती फिल्म नको. स्कॅनचे पैसे तुम्ही भरलेत, ती तुमचीच आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सीडी मागून घेतली, थोडी कुरकुर झाली पण मिळाली. हाडांच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, डोसच्या तारखांची फाइल काढून ठेवली आहे.

टाळकरी आजोबांचं आईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, की हार्मोनियमची पट्टी वर गेली आणि तोंड मोठं उघडावं लागलं तरी कवळी राहते का, आणि रात्री काढल्यावर इम्प्लांटची टोकं जिभेला टोचतात का? वडिलांना विचारून सांगाल का? दंतवैद्य साहेब, तुम्हालाही एक विचारायचं आहे: उरलेले दोन घट्ट दात मुळापर्यंत चांगले निघाले, तर रूट कॅनाल करून, ते आखूड करून, त्यांच्यावरच कवळी बसवता येते असं दुसऱ्या डॉक्टर ओझरतं बोलल्या होत्या. मग निदान ते दोन दात काढायची वेळच येणार नाही. या औषधावर असताना इम्प्लांटच्या आधी हे करून बघण्यात काही तोटा आहे का?